मणियारांच्या गच्चीवरून

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरताना किंचित टोचला, आणि हर्षिदाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की हे आल्याचं काम. आलं आज जास्तच किसलं गेलं होतं. दुसरा घोट तिने जपून, तोंडाच्या एका बाजूने घेतला, जसं काही घशालाही डावी-उजवी बाजू असते. तोही टोचला. तिने कप ओट्यावर ठेवून खिडकी उघडली, तर वारा थेट तोंडावर आला. उत्तरेचा, कोरडा, कुठेही न अडखळणारा वारा! उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सकाळी असा वारा मिळायला नशीब लागतं. एखाद्या वर्षी तर सगळं अहमदाबाद दुपारपर्यंत गच्चीवर तोंड वर करून उभं असतं आणि पतंग हातातल्या हातात मरगळून पडतात. तिच्या तळव्यांना फिरकीचे दांडे आठवले. तिकडे नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या पोळेत, म्हणजे एकाच दरवाजाआड दाटलेल्या त्या गल्लीत, माहेरच्या घरात, बापुजींनी गादीवर बसूनच हात खिडकीबाहेर काढून वारा बघितला असणार. बघितला म्हणजे हातानेच. काचबिंदूने त्यांच्या डोळ्यांत आता उजेड आणि सावली एवढंच शिल्लक ठेवलं होतं. पण पतंग त्यांनी सोडला नव्हता. उडवायचे बापुजी आणि बघायची हर्षिदा, अशी त्या दोघांची वाटणी कित्येक वर्षं चालत आली होती. फिरकी धरून ती मागे उभी राहायची आणि आकाश त्यांच्या कानात ओतत राहायची: डावीकडून काळा येतोय, खालून, आता ढील, आता खेचा. परिमलला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, हे जमत नसे. तो “बापुजी, तो बघा” असं म्हणायचा, आणि तेवढ्यात पतंग कटायचा.

मागच्या उत्तरायणाला ती गेली नव्हती. तेव्हाही साथीमुळे गच्चीवर बाहेरचं कुणी नको असा हुकूम होता आणि तिने तो शहाण्या मुलीसारखा पाळला, इथे फ्लॅटमध्ये नवऱ्यासमोर बसून उंधियू खाल्लं. त्या वर्षी बापुजींनी मांज्याला हातसुद्धा लावला नाही, असं परिमल नंतर सहज बोलून गेला. आणि मग चैत्रात बा, तिची आई, गेली. ती तर फोनवरच गेली म्हणायची; परिमल दवाखान्यात फोन धरून उभा होता, फोन सारखा खाली कलत होता, आणि हर्षिदाला आईच्या चेहऱ्यापेक्षा खाटेची दांडीच जास्त दिसली. या वर्षी आभाळ कोसळलं तरी जायचं, असं तिने दिवाळीतच मनाशी पक्कं केलं होतं. तेव्हा कुठे काय होतं? सगळं संपलं म्हणून लोक धडाधड लग्नं उरकत होते. आणि वर्ष सरता सरता पुन्हा आकडे चढायला लागले, पुन्हा टीव्हीवर तेच डॉक्टर आले, आणि काल परिमलने पोळेच्या दरवाजावर चिकटवलेल्या कागदाचा फोटो पाठवला. बाहेरच्या माणसांना गच्चीवर सक्त मनाई. बाहेरचे म्हणजे मित्र, पाहुणे, जावई आणि लग्न झालेल्या मुली. पहिलं वाक्य पोलिसांचं असेल, दुसरं नक्की किरीटभाईचं. पोळेच्या मंडळाचा हा सेक्रेटरी लहानपणापासून असाच. लपाछपीत राज्य कुणावर येणार हेही तोच ठरवायचा. लग्न झालेल्या मुली! हर्षिदा त्या घराच्या मधल्या खोलीत जन्मली होती, दवाखान्यातसुद्धा नाही. तिने तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला, आणि प्रत्येक वेळी तिच्या कानशिलांत रक्त नव्याने चढलं.

“गळ्याला एवढं काय गुंडाळतेस?” उपेंद्रने विचारलं. तिचा नवरा घरातही मास्क लावून पेपर वाचायचा.

“रस्त्यात मांजा असतो.”

खरंच असतो. आज सगळं शहर गळ्याला काही ना काही गुंडाळून फिरतं, स्कूटरवाले पुढे तारेची कमान लावून घेतात. तेव्हा ती खोटं बोलली असं म्हणता येणार नाही. फक्त शाल लोकरीची होती आणि घशाला फार बरी वाटत होती.

“घसाबिसा ठीक आहे ना?”

“तुम्हाला माझी जांभईसुद्धा पॉझिटिव्ह दिसते.”

“कपाटात किट आणून ठेवलंय. नाकात काडी घालायची, चहा होईस्तोवर उत्तर.”

“आल्यावर करीन,” हर्षिदा चपला घालत म्हणाली. “वारा पडला म्हणजे?”

पुलावर रिक्षा आली तेव्हा ती अर्धी बाहेर होती. नदीवरचं आकाश नुसतं गजबजलं होतं. लाल, हिरवे, चांदतारा काढलेले, शेपटीवाले, आणि त्यांच्यामधून वाट चुकलेल्या घारी घाबरून घिरट्या घालत होत्या. कुठूनतरी थाळ्या वाजल्या, पुढल्या गच्च्यांवरून “काप्यो छे!” असा एकच गलका उठला, आणि हर्षिदाच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात उसळलं की तिला हसूच फुटलं. बावन्नाव्या वर्षी रिक्षात एकट्या बाईने मोठ्याने हसू नये, ती हसली. तिची नजर आपोआप पेच शोधत होती. तो पांढरा मूर्ख आहे, ढील देतच नाही. तो निळा हुशार आहे, वरून बसणार. बसला! या आनंदाला घसा कसा आडवा येईल? घसा म्हणजे शरीराचा केवढासा भाग. तिने आवंढा गिळून पाहिला. टोचलं. तिने पुन्हा वर पाहिलं.

“बेन, पोळेत जाताय?” रिक्षावाला आरशातून म्हणाला. “आज आत सोडत नाहीत. सकाळपासून किती माणसं परत नेली मी.”

“मला सोडतील.”

“मघाचे जावईही असंच म्हणत होते. सासऱ्याने वरून हात हलवला, खाली नाही आला.”

पोळेच्या दरवाजाशी बांबू आडवा बांधला होता आणि त्यामागे खुर्ची टाकून किरीटभाई बसला होता, गळ्यात शिट्टी, मांडीवर भोंगा. भोंगे वाजवायला आज बंदी आहे हे लोकांना सांगायला त्याने भोंगा आणला होता. हर्षिदाने त्याला लांबूनच पाहिलं आणि रिक्षा पुढे घ्यायला लावली. पुढच्या पोळेत तिची शाळेतली मैत्रीण पन्ना राहायची, आणि दोन्ही पोळांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. दंगलीच्या दिवसांत माणसं गच्च्या-गच्च्यांवरून इकडची तिकडे होत. मुली असताना या दोघी पेरूसाठी तेच करत. तिने कडी वाजवली. पन्नाने दार चार बोटं उघडलं. मास्कच्या वर तिचे डोळे लाल दिसत होते.

“तुला सर्दी झालीय?”

“ॲलर्जी गं. धुरळा केवढा उडतोय.”

“हो, वारा आहे ना आज,” हर्षिदा इतक्या तत्परतेने म्हणाली की पन्ना जरा चपापली.

“वर जा, पण जिन्यात थांबू नकोस. आणि किरीटने विचारलं तर मी तुला ओळखत नाही.”

“एका बाकावर सात वर्षं बसलो ते?”

“ते पण नाही. जा!”

जिना चढता चढता तिला धाप लागली, तीही तिने वयाच्या नावावर टाकली, आणि गच्चीचं दार ढकललं तर डोळेच दिपले. सगळ्या पोळेच्या गच्च्या उन्हात पसरल्या होत्या, उंच-सखल, एकीच्या कठड्याला दुसरीची पायरी, आणि प्रत्येकीवर माणसं, फिरक्या, उसाची कांडकी, तिळाच्या चिक्कीची ताटं. पन्नाच्या गच्चीवरून ती जसीकाकीच्या गच्चीवर उतरली. “अगं बाई, हर्षु!” जसीकाकीने तोंडाला पदर लावला. “किरीटने पाहिलं तर माझ्यावर केस करेल हो!” “मी थांबत नाही, काकी.” कोपऱ्यात भर उन्हात रजई पांघरून कुणीतरी झोपलं होतं. “आमचा नातू. रात्रभर पतंगांना कन्न्या बांधत बसला, दमला बिचारा.” रजई खोकली. “थंडीही पडलीय ना यंदा,” हर्षिदा म्हणाली आणि पुढचा कठडा ओलांडला. तिथे सगळं कुटुंब रांगेने बसून पेल्यांतून काहीतरी काळं पीत होतं आणि उंधियूच्या वासात ओव्याचा, बामाचा वास मिसळला होता. “चहा घेणार का बेन?” त्या घरच्या सुनेने विचारलं. “दूध संपलंय म्हणून काळा आहे.” हर्षिदाने मान डोलावली. कसं सगळं पटत होतं! कुणी तिला काही विचारत नव्हतं आणि ती कुणाला काही विचारत नव्हती. मागच्याच आठवड्यात पलीकडल्या गल्लीत पालिकेची माणसं आली, आजारी सापडलेल्या दोन घरांसमोर बांबू ठोकून गेली, आणि त्या घरांच्या गच्च्या आज सबंध आकाशाखाली रिकाम्या पडल्या होत्या, कबुतरांना मोकळ्या. ते पाहून पोळेने एकमेकांशी अक्षर न बोलता ठरवलं होतं की पतंग उतरेपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही. ॲलर्जी व्हायला, दमायला, दूध संपायला परवानगी होती. आणि हर्षिदाला, आल्याला बोल लावून आलेल्या हर्षिदाला, त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की ती बाहेरची मुळीच नाही, ती याच पोळेची आहे.

पुढे दोन गच्च्यांमध्ये हातभर फट होती. खाली अरुंद, ओलसर काळोख. तिथे पाय उचलताना तिला उगाचच परिमल आठवला, फाल्गुनातल्या कुठल्याशा लग्नाहून परत आलेला, घोगरा. “गाऊन गाऊन बसलाय,” तो म्हणाला होता. हर्षिदा त्या दिवशी माहेरी होती, तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि हसलीही होती, कारण परिमल गातो म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाने त्याला हळद-दूध दिलं. नुसतं दिलं नाही, जवळ बसून, त्याच्या पाठीवरून हात फिरवत, पेला रिकामा होईपर्यंत उठली नाही. पुढे पंधरवड्याने जे झालं त्याचा आणि त्या पेल्याचा संबंध घरात कुणीही, कधीही, तोंडाने जोडला नाही. परिमलनेही नाही. फक्त त्यानंतर त्याने गुणगुणणंसुद्धा सोडलं. हर्षिदाने फट ओलांडली. फट ओलांडली की विचारही मागे राहतो असं तिला वाटलं होतं. तो तिच्याबरोबरच पलीकडे आला, पण तेवढ्यात कानांवर आवाज पडला आणि ती सगळं विसरली.

“अरे, फिरकी धरलीस की पोळपाट? सैल सोड! सैल!”

बापुजी! मणियारांची गच्ची तेवढी मध्ये होती. मणियार कधीच घर बंद करून नदीपलीकडे राहायला गेले होते. त्यांच्या गच्चीवर तुटकी खाट आणि कबुतरांची घाण. आणि कमरेएवढ्या कठड्याच्या पलीकडे बापुजी उभे होते, लोकरीची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, हात वर, आणि मांजा त्यांच्या बोटांतून तिरका आकाशात गेलेला. मागे परिमल फिरकी घेऊन घामाघूम. हर्षिदाने मणियारांच्या गच्चीवर पाय टाकला. चप्पल वाजली. बापुजींची मान वळली नाही, फक्त कान वळल्यासारखा वाटला.

“हर्षु आली,” ते परिमलला म्हणाले. “दे तिला.”

“बेन, तू आलीसच?” परिमल पुटपुटला; त्याच्या चेहऱ्यावर भीती आणि सुटका एकदमच उमटली. त्याने फिरकी कठड्यावर ठेवली आणि बाजूला झाला. हर्षिदाने ती उचलली आणि दोन पावलं मागे सरली. कठड्याच्या अलीकडेच थांबली. बाहेरच्यांना बंदी रमणिकलालच्या, म्हणजे बापुजींच्या, गच्चीवर ना? ही मणियारांची, असं तिने स्वतःला बजावलं. पण खरं कारण ते नव्हतं, हे तिला आतून पुरतं ठाऊक होतं. मांजा कठड्यावरून आरपार गेला होता, एका टोकाला ती, दुसऱ्याला ते. “उजवीकडे दोन, बापुजी. एक जांभळा, तो येतोय. वरून येतोय. थांबा. थांबा. आता, ढील!” फिरकी तिच्या तळव्यांत अशी भणभणली की खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. बापुजी बोटांनी ऐकत होते. “बसला?” “बसला. घासतोय. अजून ढील, अजून, आता खेचा!” जांभळा लटकला, डोलला, आणि निवांतपणे नदीच्या दिशेने निघून गेला. “काप्यो छे!” बापुजी ओरडले, एक्याऐंशी वर्षांच्या फुप्फुसांनी, आणि सगळी पोळ त्यांच्यामागे ओरडली. मग हिरवा कटला. मग तो चांदताऱ्यावाला. हर्षिदा हसत होती, रडत होती, मास्क ओला झाला होता. बा असती तर जिन्यातून ओरडली असती, जेवायला या, नाहीतर सगळं कुत्र्याला घालते. ती कधीच घालत नसे.

“रमणिकलालच्या गच्चीवर बाहेरचा माणूस आहे!” भोंगा गरजला. किरीटभाई आपल्या गच्चीवर चढून आला होता. “हर्षिदाबेन, खाली उतरा! वर पोलिसांचा ड्रोन फिरतोय!”

“मी मणियारांच्या गच्चीवर आहे!” ती ओरडली. “मणियारांना तक्रार करायला सांग!”

गच्च्यांवर हशा पिकला. “खरंय, मणियारांची तक्रार आण!” “ए किरीट, तुझा साडू सकाळपासून कुठे लपलाय, सांगू?” “मुलगी बाहेरची, आणि तू दरवाजात खुर्ची टाकून बसलास म्हणजे आतला का रे?” हे शेवटचं जसीकाकीचं होतं, तिने पदर कधीच कमरेला खोचला होता. थाळ्या वाजायला लागल्या. कुणीतरी शीळ घातली. हर्षिदाने फिरकी डोक्यावर धरून नाचवली आणि सगळी पोळ तिच्यासाठी ओरडली. चैत्रापासून जे काही तिच्या छातीत दगडासारखं बसलं होतं ते त्या गलक्यात हललं. जिंकलो, तिला वाटलं, आपण जिंकलो.

बापुजींनी मांजा परिमलच्या हातात दिला. ताटाकडे हात नेला, चाचपडून जिलबी उचलली, आणि एक हात पुढे धरून ते कठड्याकडे चालत आले. प्रत्येक वर्षी, पहिले पेच जिंकले की, ते तिला आपल्या हाताने जिलबी भरवत. ती पाच वर्षांची होती तेव्हापासून. “ये,” ते म्हणाले. “त्या भुताच्या गच्चीवर काय उभी आहेस? उडी मार. आ कर.” त्यांच्या चिकटपट्टी बांधलेल्या बोटांवरून पाक ओघळत होता. त्यांनी मास्क लावलेला नव्हता. त्यांचा चेहरा उन्हात इतका उघडा होता, इतका खूश. फक्त मास्क खाली करायचा आणि तोंड पुढे करायचं. क्षणभराचं काम. आलं जास्त पडलं होतं. वारा होता. सगळी पोळ खोकत होती आणि कुणाला काही झालं नव्हतं. तिने मास्कला हात लावला, आणि तिच्या डोळ्यांसमोर परिमलच्या पाठीवरून फिरणारा बाचा हात आला, हळद-दुधाच्या पेल्याकडे मायेने बघणारा तिचा चेहरा, खाटेची दांडी नव्हे, चेहरा, पहिल्यांदाच इतका स्पष्ट. हर्षिदा एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक.

“नका येऊ, बापुजी.”

“काय गं?”

“जवळ येऊ नका. माझा घसा दुखतोय. सकाळपासून.”

तिला वाटलं होतं ती हळू बोलली. पण ओरडून ओरडून आवाज चढला होता आणि पोळ नेमकी त्याच वेळी श्वास घ्यायला थांबली होती, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. थाळ्या बंद झाल्या. परिमलने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली नेली. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलं हे तिलाही. आता पोळ मला फाडून खाणार, तिला वाटलं, आणि खाऊ दे. गच्च्यांवर शंभर तोंडं तिच्याकडे वळलेली. मग त्या शांततेत भोंग्यातून एक खोकला आला. मोठा, ओला, दाबून दाबून फुटलेला खोकला, साऱ्या पोळेवर पसरला आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. किरीटभाईने भोंगा तोंडापासून लांब नेला, बंद करायचं मात्र विसरला, त्यामुळे दुसरा खोकलाही सगळ्यांनी ऐकला.

“हर्षिदा!” मागून, दूरवरून पन्ना ओरडली. “माझी ॲलर्जी नाहीये. परवापासून ताप आहे!”

“आमचा नातू,” जसीकाकी म्हणाली, आणि पुढे काही न बोलता रजईपासून दूर सरकली. काळा चहा पिणाऱ्या सुनेने पेला खाली ठेवला. “आम्ही पाचही जण,” ती म्हणाली. “दूध आहे घरात.” कुणीतरी हसलं, आणि मग गच्चीमागून गच्ची बोलायला लागली, पेच कापल्यासारखी चढाओढीने. माझं डोकं. आमच्या ह्यांचा वास गेलाय. माझं अंग. कुणी पदर, कुणी गळ्यातला रुमाल तोंडावर ओढला. खाटा ओढल्या गेल्या, म्हाताऱ्या माणसांना एका कोपऱ्यात आणि खोकणाऱ्यांना दुसऱ्या कोपऱ्यात बसवलं गेलं. “उद्या बांबू येणार,” एक आवाज म्हणाला. “येऊ देत,” दुसरा म्हणाला, “आज वारा आहे.” हर्षिदाला विलक्षण हलकं वाटत होतं, एखादं मोठं पोतं खांद्यावरून उतरवल्यावर वाटतं तसं.

बापुजी तसेच उभे होते, हातात जिलबी. त्यांनी ती सावकाश स्वतःच खाल्ली, बोटं धोतराला पुसली. परिमलने पुढे होऊन त्यांना मास्क लावला, नाकावर नीट दाबून बसवला, मग त्यांच्या हातात पुन्हा मांजा दिला आणि आपण जिन्याच्या दाराशी, लांब जाऊन उभा राहिला. बापुजी मागे मागे चालत गेले, टाचांनी गच्ची चाचपत, पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत, पाठ भिंतीला लागेपर्यंत. मांजा त्यांच्या हातापासून हर्षिदाच्या फिरकीपर्यंत, सबंध गच्ची आणि कठडा ओलांडून, ताणला गेला. वर पतंग अजून होता.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“डावीकडून एक येतोय, बापुजी. पिवळा.”

“मोठ्याने बोल,” ते ओरडले. “आता लांब आहे मी.”